सौदा एकाचा, वही दुसऱ्याची
मोठ्या पेढींत सौदा करणारा एक व त्याचा हिशेब लिहिणारा दुसरा असावा, असा दंडक असतो. आमच्या बालवाचकांस हा निव्वळ संशयखोरपणा वाटेल. म्हणून बेअरिंग्ज पेढीची हकीकत येथें देतों.

लंडनची ही पेढी १७६२ सालीं स्थापन झाली. तिच्या सिंगापूर शाखेंत निक लीसन नांवाचा तरुण सौदेही करी आणि त्यांच्या नोंदींवर देखरेखही तोच ठेवी. १९९२ पासून तोटे त्यानें ८८८८८ क्रमांकाच्या खात्यांत दडविले. १९९४ सालीं पेढीच्याच तपासनिसांनीं हीं दोन कामें वेगळीं करण्याची सूचना केली. पण नफा दिसत होता, आणि दिसणाऱ्या नफ्यास प्रश्न कोण विचारतो! त्याचे मोठे सौदे जपानी शेअरांच्या भावांवर बेतलेले होते. १७ जानेवारी १९९५ रोजीं कोबे येथें भूकंप झाला, भाव कोसळले. तोटा भरून काढण्यासाठीं त्यानें सौदे आणखी वाढविले. फेब्रुवारीअखेर पेढी बुडाली. तोटा सुमारें ८२.७ कोटी पौंडांचा निघाला, आणि हॉलंडच्या एका बँकेनें ती अवघ्या एका पौंडास घेतली. लीसनला साडेसहा वर्षांची कैद झाली.

तपासनिसांचा कागद मात्र वरिष्ठांच्या दप्तरीं आधींच पोंचलेला होता. लीसनच्या लबाडीपेक्षां आम्हांस हीच गोष्ट अधिक बोचते.