विश्लेषण : नवीकोरी गिटार मुद्दाम ‘जुनी’ का केली जाते? खरी झीज आणि केलेली झीज कशी ओळखायची?

रंगाचे टवके उडालेले, लॅकरला बारीक तडे गेलेले, स्क्रू गंजलेले... अशी वस्तू एरवी कुणी अर्ध्या किमतीतही घेणार नाही. इलेक्ट्रिक गिटारच्या बाजारात मात्र उलटे घडते. कारखान्यातून अशी ‘झिजलेली’ होऊनच बाहेर पडणारी गिटार त्याच कंपनीच्या चकाचक गिटारपेक्षा महाग असू शकते. या प्रकाराला ‘रेलिक’ म्हणतात. काहींना तो निव्वळ दिखावा वाटतो, तर काहींच्या मते हातात घेताक्षणी आपलीशी वाटणारी गिटार हीच. पण वापरलेली गिटार विकत घेताना खरी आणि केलेली झीज ओळखता आली नाही, तर फटका थेट खिशाला बसतो.

झिजलेल्या गिटारचे एवढे आकर्षण का?

याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे आयरिश गिटारवादक रोरी गॅलाघर याची १९६१ सालची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. १९६३ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने कॉर्क शहरातील एका दुकानातून ती सुमारे १०० पौंडांना घेतली, तीही सेकंडहँड. पुढची तीन दशके तो ती वाजवत राहिला. मध्यंतरी ती चोरीलाही गेली होती. तिच्यावरचा मूळ ‘सनबर्स्ट’ रंग जवळजवळ संपूर्ण उडाला आणि लाकूड उघडे पडले. त्याच्या घामाने रंग खाल्ला, असे त्याचे चाहते सांगतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये लंडनच्या बोनहॅम्स या लिलावगृहात तिला ८ लाख ८९ हजार ४०० पौंड मिळाले. नंतर ती आयर्लंडच्या राष्ट्रीय संग्रहालयाला देण्यात आली. तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा एका माणसाच्या वाजवण्यातून आला आहे आणि चाहत्यांच्या लेखी तिचे मोल त्यातच आहे.

गिटार नैसर्गिकरीत्या कशी झिजते?

१९५० आणि ६० च्या दशकांत बहुतेक अमेरिकी गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा थर असे. या लॅकरमधील द्रावक उडून जातो आणि मागे पातळ थर उरतो. कालांतराने तो आकसतो आणि ठिसूळ होतो. थंडीत किंवा उष्णतेत लाकूड आणि लॅकर वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन-प्रसरण पावतात. ठिसूळ थराला हा ताण सोसत नाही आणि त्यावर बारीक तडे उमटतात.

रंगही बदलतो. लॅकर पिवळसर पडल्याने पांढरी गिटार साईच्या रंगाची दिसू लागते आणि निळी हिरवट. १९५८ ते १९६० दरम्यानच्या अनेक गिब्सन लेस पॉल गिटारवरील लाल छटा उजेडाने इतकी उडाली, की त्या आज मधाच्या किंवा लिंबाच्या रंगाच्या दिसतात.

उरलेले काम वादकाचे शरीर करते. उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा कोपराखालचा भाग बॉडीच्या वरच्या कडेवर घासतो, मागच्या बाजूला पट्ट्याचे बकल ओरखडे काढते, डाव्या तळहाताने नेकचा मागचा भाग गुळगुळीत होतो. फ्रेटवर तारांच्या खाचा पडतात. घामाने निकेलचा मुलामा निस्तेज होतो.

१९६० च्या दशकाअखेरीपासून पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचे जाड, कडक थर रूढ होत गेले. हे थर हळूहळू झिजत नाहीत, धक्का बसला की त्यांचा टवका उडतो. त्यामुळे आजची सर्वसाधारण गिटार कितीही वर्षे वाजवली, तरी ती गॅलाघरच्या गिटारसारखी दिसण्याची शक्यता कमीच.

‘रेलिक’ची सुरुवात कुठून झाली?

फेंडरच्या ‘कस्टम शॉप’ने १९९५ मध्ये रेलिक गिटार बाजारात आणल्या. यामागे एक किस्सा सांगितला जातो. ‘रोलिंग स्टोन्स’च्या कीथ रिचर्ड्ससाठी त्याच्या जुन्या गिटारच्या प्रतिकृती बनवल्या गेल्या, पण त्या फारच नव्या दिसतात, जरा आपटून-धोपटून द्या, अशी त्याची तक्रार होती. किस्सा कितपत खरा हे बाजूला ठेवले, तरी मागणी खरी होती. सुरुवातीच्या काही वर्षांत बॉडी आणि नेक जुने करण्याचे काम व्हिन्स क्युनेटो या कारागिराकडे होते. गिब्सनमध्ये हेच नाव टॉम मर्फी यांनी कमावले आणि आज कंपनीचा ‘मर्फी लॅब’ नावाचा स्वतंत्र विभागच आहे.

२००६ मध्ये फेंडरने एरिक क्लॅप्टनच्या ‘ब्लॅकी’ या गिटारच्या २७५ प्रतिकृती ओरखड्यांसह बनवल्या. किंमत होती प्रत्येकी २४ हजार डॉलर. २००९ मध्ये मेक्सिकोत बनणाऱ्या ‘रोड वॉर्न’ मालिकेमुळे हा प्रकार सामान्य ग्राहकाच्या जरा जवळ आला.

झीज तयार कशी करतात?

पातळ लॅकर लावून गिटार आलटून-पालटून थंड आणि गरम केली जाते, म्हणजे तडे लवकर येतात. काही कारागीर ते धारदार पात्याने कोरतात. कडा पॉलिश पेपरने घासतात. किल्ल्या, साखळी, बकल यांनी टवके पाडतात. धातूचे भाग आम्लाच्या वाफेवर धरून काळवंडवतात. व्हिडीओ पाहून हा शेवटचा प्रयोग घरी करण्याचा मोह टाळलेलाच बरा. ती वाफ डोळे आणि फुप्फुसांना घातक असते.

आवाजात फरक पडतो का?

भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये तारेच्या कंपनाचे विद्युत संकेतात रूपांतर पिकअप करतो. त्यामुळे बॉडीवरचा रंग उडाल्याने आवाज सुधारतो, या दाव्यात फारसा दम नाही. फरक पडतो तो हाताला. नेकच्या कडा गोलसर झाल्या आणि मागचा चिकट चकचकीत थर गेला, की हात सहज सरकतो. अनेक वादक रेलिक घेतात ते यासाठीच. शिवाय पहिला ओरखडा पडण्याची भीती नसल्याने गिटार बिनधास्त वाजवता येते.

खरी झीज ओळखायची कशी?

झिजेचा एकमेकांशी मेळ बसतो का, हे आधी पाहावे. बॉडीचे लाकूड उघडे पडले आहे, पण फ्रेट नवे आणि मागे बकलचा एकही ओरखडा नाही, तर शंका घ्यायला जागा आहे. अर्थात फ्रेट बदललेलेही असू शकतात. खऱ्या झिजेची कड हळूहळू विरत जाते आणि उघड्या लाकडात वर्षांचा मळ मुरलेला असतो. पॉलिश पेपरच्या रेघा बहुधा एकाच दिशेने जातात. पात्याने काढलेले तडे फार सरळ आणि एकसारखे दिसतात.

पिकगार्ड काढून पाहावे. रंग खरोखर उजेडाने उडाला असेल, तर झाकलेल्या भागात तो बहुधा अधिक ताजा दिसतो. अतिनील दिव्याखाली जुने नायट्रो लॅकर अनेकदा हिरवट-पिवळे चमकते. त्यामुळे मध्येच केलेली रंगाची डागडुजी उठून दिसू शकते.

आतल्या आवाज-नियंत्रक बटणांवरचे आकडेही बोलके असतात. उदाहरणार्थ, १३७६६१२ या क्रमांकात १३७ ही उत्पादक कंपनीची खूण, ६६ म्हणजे १९६६ साल आणि १२ म्हणजे बारावा आठवडा. मात्र हा आकडा त्या सुट्या भागाचे वय सांगतो, गिटारचे नाही. जुना भाग नव्या गिटारमध्ये बसवता येतो. म्हणून एकाच पुराव्यावर निकाल देऊ नये.

फसवणूक नेमकी कुठे होते?

रेलिक म्हणून विकलेली रेलिक ही फसवणूक नाही. कंपनी तसे सांगते आणि ग्राहक जाणूनबुजून पैसे मोजतो. धोका पुढच्या हातबदलात असतो. जुन्या गिटारच्या बाजारात मूळ रंगाला मोठी किंमत आहे आणि पुन्हा रंगवलेली गिटार खूपच स्वस्तात जाते. त्यामुळे जुनी गिटार नव्याने रंगवायची, तो रंग कृत्रिमरीत्या जुना करायचा आणि ‘मूळ रंग’ म्हणून विकायची, असा प्रकार घडू शकतो. इथे लाकूड खरोखर जुने असल्याने ओळखणे सर्वांत अवघड जाते.

ग्राहकांनी काय करावे?

ऑनलाइन जाहिरात पाहून वापरलेली गिटार घेताना पिकगार्डखालचे, नेकच्या जोडाचे आणि आतल्या वायरिंगचे फोटो मागावेत. विक्रेता टाळाटाळ करत असेल, तर ‘व्हिंटेज’ या शब्दासाठी जादा पैसे देऊ नयेत. रंग मूळ आहे की नंतरचा आणि कोणते भाग बदलले आहेत, हे बिलावर लिहून घ्यावे. मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या दमट हवेत स्क्रू आणि ब्रिज काही पावसाळ्यांतच गंजू शकतात, तेव्हा नुसत्या गंजावरून वय ठरवू नये.

आणि घरात कुणाची जुनी गिटार पडून असेल, तर ती ‘चांगली दिसावी’ म्हणून रंगवायला देण्याआधी एखाद्या जाणकार दुरुस्ती कारागिराला दाखवावी. तारा, फ्रेट, वायरिंग दुरुस्त करता येते. एकदा घासून काढलेला मूळ रंग मात्र परत आणता येत नाही.