सांताक्रूझचा लष्करी विमानतळ : स्थापना आणि स्थित्यंतर

वांद्र्याच्या ईशान्येस सांताक्रूझ व सहारच्या दरम्यान पसरलेला मुंबईचा विमानतळ मुळात युद्धोपयोगासाठी उभारला गेला, ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. एवढ्या दाट वस्तीत विमानतळ आणला कोणी, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. वस्तुतः तो उलट मांडावयास हवा. धावपट्ट्या आखल्या गेल्या तेव्हा साष्टीच्या दक्षिण भागात गावठाणे व भातखाचरे होती. महानगर मागाहून येऊन विमानतळाच्या कुंपणास भिडले.

या स्थळाचे महत्त्व कळण्यासाठी प्रथम जुहूकडे वळले पाहिजे. तेथील विमानतळ १९२८ साली सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले, ते येथेच. परंतु जुहूची जमीन समुद्रसपाटीस अगदी लगत. पावसाळ्यात ती जलमय होई आणि टाटांची हवाई टपालसेवा तेवढ्यापुरती पुण्यास हलवावी लागे. वर्षातून चार महिने निरुपयोगी ठरणारे मैदान हौशी उड्डाणाला चालेल, लष्कराला नाही.

जुहूपासून पूर्वेस अवघ्या दोन किलोमीटरवर, तिसाव्या दशकात, रॉयल एअर फोर्सचा सांताक्रूझ तळ बांधण्यात आला. त्याचे क्षेत्र सुमारे १,५०० एकर होते व आरंभी त्यावर तीन धावपट्ट्या होत्या. त्याला खरे महत्त्व आले ते १९४२ साली. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जपानी विमानांनी कोलंबो, त्रिंकोमाली, विशाखापट्टणम व काकिनाडा यांवर बाँबवर्षाव केला. पूर्व किनारा असा असुरक्षित झाल्यावर पश्चिमेकडील बंदरांवर भार पडणे अपरिहार्य होते. १९४२ ते १९४७ या काळात ब्रिटिश हवाई दलाच्या अनेक तुकड्या सांताक्रूझ येथे राहिल्या.

युद्ध संपताच तळाचे प्रयोजन सरले. १९४६ च्या सुमारास तो मुलकी उड्डाण खात्याच्या हवाली होऊ लागला आणि हवाई दलाने सोडून दिलेल्या दोन विमानशाळांचे प्रवासी-स्थानकांत रूपांतर झाले. एक देशांतर्गत प्रवासासाठी, दुसरी परदेशच्या. पहिल्या वर्षी दिवसाला सहा मुलकी फेऱ्या होत. पुढे फाळणीमुळे कराची हे विमानवाहतुकीचे जुने प्रवेशद्वार परदेशात गेले आणि १९४९ पर्यंत हीच संख्या चाळीसवर पोहोचली. १९४८ मध्ये जुहूची व्यापारी वाहतूक सांताक्रूझला आली. नव्या स्थानकाचे काम १९५० मध्ये सुरू होऊन ते १९५८ साली खुले झाले. म्हणजे सुमारे एक तप मुंबईचा आंतरराष्ट्रीय प्रवासी लष्करी छपराखालूनच ये-जा करीत होता.

दोन विमानतळ इतके निकट असल्याचा फटका वैमानिकांनाही बसला. १९५३ साली एक ब्रिटिश कॉमेट आणि १९७२ साली एक जपानी डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. दुसरे तर पट्टी ओलांडून पुढे गेले.

येथे पुण्याजवळील लोहगावशी तुलना उद्बोधक ठरते. तो तळही ब्रिटिशांनीच, १९३९ साली, मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी स्थापिला. स्वातंत्र्यानंतर तो भारतीय वायुसेनेकडे राहिला व २००२ साली सुखोई-३० एमकेआय विमाने प्रथम तेथेच दाखल झाली. उभयतांच्या भवितव्यातील हा फरक भूगोलाचा म्हणावा लागेल. लोहगाव घाटापलीकडे, किनाऱ्यापासून दूर. सांताक्रूझ बंदराच्या व बाजारपेठेच्या दाराशी.

तथापि लष्कर गेले तरी त्याची आखणी राहिली. आज वापरात असलेल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे दोहोंवर एकाच वेळी स्वतंत्रपणे विमाने उतरविता येत नाहीत. वांद्रे-कुर्ला संकुलातील इमारतींची उंचीही विमानांच्या मार्गांचा विचार करूनच ठरते. मिठी नदीचा प्रवाह धावपट्टीखालून काढलेला आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. नदीने पात्र सोडले, आणि ज्या पुराच्या भयाने मुलकी वाहतूक जुहूहून येथे आणली होती त्याच पुराने हा विमानतळ एका दिवसाहून अधिक काळ बंद पाडला.