विक्रीपूर्व गृहसज्जा

विक्रीपूर्व गृहसज्जा म्हणजे घर विक्रीस काढण्यापूर्वी, ते पाहण्यास येणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने केलेली त्याची मांडणी होय. इंग्रजीतील 'होम स्टेजिंग' या नावाने ती ओळखली जाते. अंतर्गत सजावट राहणाऱ्याच्या आवडीनुसार केली जाते. येथे मात्र मालकाची आवड मागे ठेवून जागा, उजेड आणि सुस्थिती या तीन गोष्टी ठळक करावयाच्या असतात. त्यामुळे यातील बहुतेक काम नव्या वस्तू आणण्याचे नसून असलेल्या वस्तू हलविण्याचे व किरकोळ दुरुस्तीचे असते.

इतिहास

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील घरविक्री प्रतिनिधी बार्ब श्वार्ट्झ यांनी १९७०च्या दशकात ही पद्धत रूढ केली. घर हा रंगमंच आणि ग्राहक हा प्रेक्षक, अशी कल्पना तिच्या नावामागे आहे. ब्रिटनमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या 'हाउस डॉक्टर' या दूरचित्रवाणी मालिकेने ती लोकप्रिय केली. भारतात बांधकाम व्यावसायिक दाखवितात ती 'सॅम्पल फ्लॅट' अर्थात नमुना सदनिका हा याच पद्धतीचा एक प्रकार आहे. पुनर्विक्रीच्या घरात मात्र हे काम बहुधा घरमालकालाच करावे लागते.

अल्प खर्चातील पद्धत

खर्च मर्यादित असल्यास कामांचा क्रम महत्त्वाचा ठरतो. बिनखर्चाची कामे आधी आणि रंगकामासारखी खर्चिक कामे शेवटी, असा हा क्रम असतो.

* आवराआवर: दारामागे लटकणारे कपडे, कपाटावरील बॅगा, गॅलरीतील अडगळ काढल्यास जमीन व भिंती मोकळ्या दिसतात आणि तीच खोली मोठी भासते. ग्राहक कपाटे व माळेही पाहतात. म्हणून पसारा तेथे कोंबण्याऐवजी तो घराबाहेर काढणे योग्य.
* स्वच्छता: खिडक्यांच्या काचा व जाळ्या, पंख्यांची पाती, स्वयंपाकघरातील तेलकट थर आणि न्हाणीघरातील फरशीवरचे क्षारांचे डाग यांकडे प्रथम लक्ष जाते.
* किरकोळ दुरुस्ती: गळक्या नळाचा वॉशर बदलणे, करकरणाऱ्या बिजागरीस तेल देणे, सैल कडी घट्ट करणे, फरशीचे सांधे पांढऱ्या सिमेंटने भरणे. गळका नळ स्वतः क्षुल्लक असला, तरी घराची निगा राखली गेली नसावी अशी शंका तो निर्माण करतो.
* उजेड: जाड पडदे बाजूला सारणे, बंद पडलेले दिवे बदलणे आणि एका खोलीत एकाच छटेचे दिवे लावणे.
* मांडणी: प्रत्येक खोलीचा एकच उपयोग स्पष्ट दिसावा. अगदी रिकाम्या खोलीच्या आकाराचा अंदाज येणे कठीण असते; तेथे उसना आणलेला पलंग किंवा मेजही पुरेसे होते.
* रंग: सर्व घर रंगविणे परवडत नसल्यास प्रवेशद्वारासमोरील भिंत व दिवाणखाना यांना फिकट रंग देतात.

विक्रीच्या जाहिरातीसाठी छायाचित्रे ही कामे झाल्यावर, दिवसा, खोलीच्या कोपऱ्यातून आडवी घेतली जातात.

परिणाम

मार्क लेन, मायकेल सायलर व विकी सायलर यांच्या २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भिंतींचा रंग व फर्निचर यांचा परिणाम तपासण्यात आला. या गोष्टींमुळे घराविषयीचे मत अनुकूल होते, परंतु ग्राहक देऊ करीत असलेल्या किमतीत लक्षणीय फरक पडत नाही, असे त्यात आढळले. उसनवारी करून महागडी सजावट करण्याविरुद्ध हा एक सबळ मुद्दा आहे.

मर्यादा व कायदा

घर नीटनेटके करणे आणि घरातील दोष झाकणे यांत मूलभूत भेद आहे. महाराष्ट्रात, विशेषतः पावसाळ्यातील पाणगळतीच्या बाबतीत, तो स्पष्ट दिसतो. ओल आलेल्या भिंतीवर पुट्टी व रंग चढविल्यास ती काही आठवडे कोरडी दिसते. पाण्याचा मार्ग बंद झालेला नसल्याने पुढे पुन्हा पोपडे धरतात. तोवर खरेदीखत झालेले असते आणि दुरुस्तीचा भार आयुष्याची बचत घरात घातलेल्या नव्या मालकावर पडतो.

१८८२च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५नुसार, विक्रेत्यास माहीत असलेला, परंतु ग्राहकास माहीत नसलेला व सामान्य काळजी घेऊनही त्याच्या लक्षात न येणारा मालमत्तेतील महत्त्वाचा दोष सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. विरुद्ध करार असल्यास गोष्ट वेगळी. असा दोष न सांगणे हे त्याच कलमात कपटपूर्ण मानले आहे. संगणकाच्या साहाय्याने छायाचित्रात फर्निचर दाखविताना भिंतीवरील तडे वा डाग पुसून टाकणे हाही दोष झाकण्याचाच प्रकार होय.

म्हणून ओल असलेल्या घरात हाती असलेला पैसा प्रथम गळती थांबविण्यावर खर्च करणे व रंगकाम भिंत पूर्ण सुकल्यावर करणे इष्ट ठरते. वॉटरप्रूफिंग केल्याचे देयक जपून ठेवल्यास ते ग्राहकाला दाखविता येते.