पाव मोकळा, लोणी मोजून

दुसरं महायुद्ध सुरू असताना, ८ जानेवारी १९४० रोजी, ब्रिटनमध्ये बेकन, लोणी आणि साखर रेशनवर गेली. देश निम्म्याहून अधिक अन्न समुद्रापलीकडून आणत असे आणि जर्मन पाणबुड्या नेमक्या त्याच जहाजांच्या मागावर होत्या. पाठोपाठ मांस, चहा, जॅम, चीज यांनाही कूपन लागू लागलं.

प्रमाण वरखाली होई, पण साधारणपणे माणशी आठवड्याला लोणी ५५ ग्रॅम, चहा आणि चीजही जवळपास तेवढंच, साखर पाव किलोच्या आत, आणि दुकानात आलं तर एक अंडं. मांस वजनावर नव्हे, पैशांवर मिळे: बराच काळ एक शिलिंग दोन पेन्सचं. चांगला तुकडा घेतला तर एका जेवणातच संपे. हलका घेतला तर तासन् तास शिजवावा लागे, पण दोन वेळा पुरे. शाकाहारी म्हणून नाव नोंदवलं, तर मांसाऐवजी जास्तीचं चीज मिळे.

एवढ्यावर माणसं जगली कशी? पाव आणि बटाटा युद्ध संपेपर्यंत रेशनवर आलेच नाहीत. चव मोजून दिली, पोट मोकळं ठेवलं. या व्यवस्थेतला सर्वांत शहाणा निर्णय मला हाच वाटतो, आणि त्याला आधार होता. केंब्रिजचे रॉबर्ट मॅकान्स आणि एल्सी विडोसन यांनी युद्धाच्या सुरुवातीलाच स्वतःवर प्रयोग केला. मांस, दूध, अंडी अगदी तुटपुंजी. पाव, बटाटे, भाज्या हव्या तेवढ्या. काही महिने असं जेवून ते सहकाऱ्यांसह लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांत गेले आणि दिवसभर चढ-उतार करूनही तब्येती ठणठणीत राहिल्या. कमी पडत होतं ते कॅल्शियम. म्हणून पुढे पावाच्या पिठात खडूची पूड मिसळली गेली. १९४२ मध्ये पांढरा पाव बंद झाला. त्याच्या जागी कोंड्याचा काही अंश ठेवलेला, करडा, जडसर ‘नॅशनल लोफ’ आला. लोकांना तो मुळीच आवडला नाही, पण आयात गव्हाची बचत झाली.

मात्र नियम कागदावर असतात, चूल बाईला पेटवावी लागते. तिला आधी ठरावीक दुकानदाराकडे नाव नोंदवायचं, मग रांग, आणि मासळी किंवा काळीज-गुर्दे आल्याचं कळलं की पुन्हा रांग, कारण त्यांना कूपन लागत नसे. यातल्या कित्येक जणी दिवसा कारखान्यातही राबत. अमेरिकेहून अंड्याची भुकटी येई; एक चमचा भुकटी, दोन चमचे पाणी, म्हणजे एक अंडं. गोडव्यासाठी केकमध्ये गाजर किसून घालत. सकाळी सव्वाआठला बीबीसीवर ‘किचन फ्रंट’ लागे आणि आज हाताशी असलेल्या जिनसांतून काय करता येईल ते सांगितलं जाई. अन्नमंत्री लॉर्ड वूल्टन यांच्या नावाचा ‘पाय’ (झाकण घालून भाजलेला पदार्थ) तर सॅव्हॉय हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याने बसवलेला: बटाटा, गाजर, फ्लॉवर आणि सलगमासारखा स्वीड, वर पिठाचं किंवा बटाट्याचं झाकण. मांसाचा ‘पाय’ खात वाढलेल्या घरांत त्याचं कौतुक बेताचंच झालं.

गरोदर बायका आणि पाच वर्षांखालच्या मुलांना हिरवं रेशनबुक असे. दूध त्यांना आधी, संत्री आली तर तीही आधी. मुलांसाठी कॉड माशाचं तेल. गरिबाच्या मुलाला युद्धाआधी जे परवडत नव्हतं, ते युद्धात हक्काने मिळालं, आणि बालमृत्यूंचं प्रमाण युद्धाच्या अखेरीस आधीपेक्षा खाली आलं.

हा न्याय साम्राज्याला मात्र लागू नव्हता. १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं उपासमारीने आणि पाठोपाठच्या रोगराईने मेली. तीस लाखांपर्यंतचा अंदाज सांगितला जातो. धान्याच्या जहाजांसाठी दिल्लीहून गेलेल्या मागण्या लंडनच्या युद्ध मंत्रिमंडळाने पुन्हा पुन्हा फेटाळल्या किंवा कापल्या. मुंबईत रेशनिंग सुरू झालं तेही त्याच वर्षी. ब्रिटिश आईच्या हिरव्या पुस्तकाचं कौतुक करताना हे बाजूला ठेवता येत नाही. माणशी हिशेब करायची कला त्या सरकारला येत होती; बंगालच्या माणसांसाठी त्याने ती वेळेवर वापरली नाही.

युद्ध संपल्यावर घरात रेलचेल होईल असं लोकांना वाटलं होतं. झालं उलटंच. जगभर गव्हाची टंचाई आली, पराभूत जर्मनीतल्या ब्रिटिश विभागालाही खाऊ घालायचं होतं, आणि युद्धात कधी न मोजलेला पाव जुलै १९४६ मध्ये कूपनवर आला. गृहिणींच्या संघटनांनी कडाडून विरोध केला. पाव दोन वर्षांनी सुटला. मांसाचं कूपन ४ जुलै १९५४ ला गेलं, तेव्हा रेशनिंग सुरू झालं त्या वर्षी जन्मलेली मुलं तेरा-चौदा वर्षांची होती.