विमानांतील बिनतारी यंत्रें व युद्धकालीन नोंदी

कागद अस्सल असला तरी त्यांतील मजकूर कोणत्या साधनानें पोंचला हें ठाऊक नसेल, तर त्याचा अर्थ लावतांना चूक होते. ब्रिटिश वैमानिक दळाच्या दोन महायुद्धांतील नोंदी हें याचें उत्तम उदाहरण होय.

पहिल्या महायुद्धांत तोफांचा मारा पाहाणाऱ्या विमानांत ठिणगीचें प्रेषकयंत्र असे, व सुमारें १२० फूट लांबीची तार शिशाचें वजन बांधून खालीं सोडीत. ग्राहकयंत्र बहुधा नसेच. तोफखान्याचे लोक जमिनीवर पांढऱ्या कापडाचे पट्टे अंथरून उत्तर देत. सबब वहींत प्रत्युत्तरें न आढळल्यास पानें गहाळ झालीं असें समजूं नये. ‘ए ९’ अशी त्रोटक नोंद दिसली, तर लक्ष्यापासून ५० यार्डांच्या वर्तुळावर पश्चिमेस गोळा पडला असें जाणावें. कारण लक्ष्य घड्याळाच्या मध्यावर मानून १२ चा आंकडा उत्तरेस धरीत.

इ. स. १९४० च्या नोंदींत याहून मोठा पेंच आहे. त्या वेळच्या अनेक लढाऊ विमानांत ‘टी. आर. ९ डी’ हें यंत्र होतें. आपलींच विमानें कोठें आहेत हें कळावें म्हणून घड्याळाच्या योगानें तें दर मिनिटास १४ सेकंद आपोआप खुणेचा सूर पाठवी, व जमिनीवरील तीन ठाणीं त्याची दिशा घेऊन स्थान ठरवीत. तेवढा वेळ वैमानिकास बोलतां येत नसे. तेव्हां एखाद्या आज्ञेस तत्काळ उत्तर आलें नाहीं, एवढ्यावरून त्याच्यावर आज्ञाभंगाचा ठपका ठेवणें हा मृत मनुष्यावर अन्याय होईल. ही युक्ति चालू करण्यास वैमानिक विसरला कीं, ‘तुझा कोंबडा आरवतो ना?’ असा प्रश्न नियंत्रक करी. हें वाक्य थट्टा समजून गाळण्याजोगें नाहीं.

पुढें ‘टी. आर. ११३३’ व ‘११४३’ हीं अतिलघुलहरींचीं यंत्रें आलीं. स्फटिकांनीं बांधलेल्या चार लहरी, व त्यांस चार कळा: ए, बी, सी, डी. आवाज स्वच्छ झाला आणि पल्लाही वाढला, परंतु इ. स. १९४० त पुरवठा तोकडा असल्यानें कांहीं तुकड्या जुन्याच यंत्रांवर लढल्या. जुनीं व नवीं यंत्रें परस्परांशीं बोलूं शकत नसत. म्हणून एकाच दिवसाच्या दोन तुकड्यांच्या नोंदी ताडून पाहातांना प्रथम कोणाकडे कोणतें यंत्र होतें तें पाहावें.