कोरडं फडकं, निळं रॉकेल आणि ९एच

उसाच्या हंगामात कोल्हापुरात पांढरी गाडी रात्रभर उघड्यावर लावून बघा. सकाळी बॉनेटवर काळ्या, कुरळ्या, फुंकरीनं उडतील अशा काड्या पडलेल्या असतात. शिवारात कुठंतरी पाला पेटवलेला असतो आणि वारा त्याची राख घरपोच आणून टाकतो. मग एमएच ०९ चा मालक काय करतो? कप्प्यातलं पिवळं फडकं काढतो, दोनदा झटकतो आणि कोरडंच फिरवतो. दोन मिनिटांत गाडी चकाचक. त्याच दोन मिनिटांत ओरखडलेलीसुद्धा.

उसाच्या फडात कधी शिरला असाल तर पाल्यानं हात कापल्याचं आठवत असेल. ऊस जमिनीतून सिलिका शोषतो आणि पानात साठवतो, म्हणून त्या पानाला अशी धार. पाला जळतो, सिलिका जळत नाही. ती राखेत तशीच राहते. म्हणजे कोरडं फडकं फिरवणारा भाऊ आपल्या गाडीला बारीक वाळूनं घासत असतो. तेही रोज आणि प्रेमानं! मीही पहिल्या गाडीला दोन हंगाम हेच केलं, वर शेजाऱ्यांना गाडी कशी जपावी ते सांगितलं.

आता गाडीच्या रंगाची जाडी ऐका. अस्तरापासून वरच्या पारदर्शक थरापर्यंत सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. त्यातला चमक देणारा वरचा थर, ज्याला गॅरेजवाले ‘क्लिअर’ म्हणतात, तो जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. माणसाचा केस त्याहून जाड असतो. शोरूममध्ये ज्या झळाळीवर आपण भुललो, ती केसभरसुद्धा नाही.

आधी बैल, मग मोटार

धुण्याची परंपरा आपल्याकडं मोटारीपेक्षा फार जुनी. बेंदराला बैल पाण्यात उतरवतात, चिखल भिजू देतात, मगच चोळतात. वाळलेला चिखल बैलाच्या अंगावरून कोरडा खरवडायचा नसतो हे गावातल्या पोरालाही कळतं. दिवाळी पाडव्याला कोल्हापुरातल्या गवळ्यांच्या म्हशी बघा. न्हाऊन, सजून, शिंगं रंगवून त्या मोटारसायकलच्या मागं रस्त्यानं धावतात. म्हैस तुळतुळीत आणि पुढची मोटारसायकल धुळीनं माखलेली, हे दृश्य मी स्वतः पाहिलंय. कुणाची निगा कोण जास्त राखतो, ते तिथं कळतं.

एके काळी गाडीही तशीच पाण्याकाठी जायची. पंचगंगा नदीच्या घाटावर किंवा रंकाळा तलावावर रिक्षा, जीप लावायची, बादलीनं पाणी मारायचं, बाकी गप्पा. आता तिथं वाहनं धुवायला मनाई आहे आणि ते योग्यच झालं. चेसीवरचं ऑइल आणि ग्रीस त्याच पाण्यात उतरायचं, आणि पंचगंगेच्या अंगावर घाण काही कमी नाही.

घरी धुताना नळी सोडून ठेवली तर मिनिटाला दहा-पंधरा लिटर पाणी जातं. फोन आला, बोलत बसलात, की वीस मिनिटांत दोन-तीनशे लिटर गटारात. जुन्या पद्धतीच्या तीन बादल्यांत काम होतं. घरगुती प्रेशर वॉशर आवाज करतो मिलच्या भोंग्यासारखा, पण पाणी नळीच्या निम्म्यानं घेतो. त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. हात न लावता माती निघते. बैल पाण्यात बुडवण्याचंच हे विजेवरचं रूप.

इंटरनेटवर ‘दोन बादल्यांची पद्धत’ म्हणून मोठा बोलबाला आहे. एका बादलीत साबण, दुसरीत साधं पाणी. फडकं आधी साध्या पाण्यात पिळायचं, मग साबणात बुडवायचं, म्हणजे माती परत गाडीवर जात नाही. आमच्या आजीनं हा शोध मोरीत भांडी घासताना लावला होता. तिनं तो कुठं छापला नाही, एवढंच.

साबणाचं म्हणाल तर कपड्याची पावडर वापरू नका. तिच्यातला खार मातीबरोबर वॅक्सही उतरवतो. सोन्याचांदीचे दागिने उजळायला सराफ रिठ्याचं पाणी वापरत आलेत. रिठ्यात सॅपोनिन असतं, फेस करणारं आणि सौम्य. मी गाडीला लावून बघितलं. गाडी स्वच्छ निघाली, पण रिठे भिजवणं, कुस्करणं, गाळणं यात रविवार संपला. कार शाम्पूची बाटली घ्या आणि सुखी राहा.

कोळ्याचं जाळं, जे नसतंच

उन्हात काळी गाडी बघितली की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल ओरखडे दिसतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. मालक म्हणतो, ‘धुणाऱ्यानं गोल हात फिरवला.’ त्या बिचाऱ्यावर अन्याय आहे हा. ओरखडे सगळ्या दिशांना असतात. प्रकाशाला आडवे असलेले तेवढे चमकतात आणि डोळा त्यांची वर्तुळं जोडतो. खात्री करायची तर रात्री मोबाइलची बॅटरी बॉनेटवरून सरकवा. वर्तुळंही तुमच्याबरोबर सरकतील.

हे ओरखडे कसे घालवायचे, इथं दोन शब्दांची गल्लत होते. आपण सरसकट ‘पॉलिश’ म्हणतो. पॉलिश किंवा रबिंग कंपाउंड रंगाचा थर घासून पातळ करतं, म्हणजे ओरखड्याच्या काठाची जमीन खाली आणतं. वॅक्स काहीच घासत नाही, खड्ड्यात बसून वरून झाकतं. एक तासतं, दुसरं लिंपतं. म्हणून दर दिवाळीला बफिंग करून घेणारा हौशी माणूस गाडी चमकवत नसतो, सोलत असतो.

दसऱ्याला कोल्हापूरच्या दसरा चौकात छत्रपती घराण्याची भगवी मेबॅक मोटार येते. १९३० च्या दशकातली ही गाडी, पण आपट्याची पानं हातात घेतलेली गर्दी पहिली नजर तिच्याकडंच टाकते. त्या काळाच्या थोडं आधी मोटारीला रंग देणं म्हणजे आठवड्यांचं काम होतं, थरावर थर वाळायची वाट बघत. १९२३ मध्ये ड्यू पाँट कंपनीनं ‘ड्यूको’ हे झटपट वाळणारं लॅकर आणलं आणि ते काम तासांवर आलं. रंगारी आजही ‘ड्यूको’ म्हणतात, ते या कंपनीच्या मालाचं नाव घेतात हे त्यांच्या गावीही नसतं.

वडिलांच्या ॲम्बेसेडरला पॉलिश करताना फडकं गाडीच्या रंगाचं व्हायचं, आठवतं? तेव्हा वरचा थर रंगाचाच असे. आता वर पारदर्शक थर असतो, फडकं पांढरं ते पांढरंच. आजच्या गाडीवर फडक्याला रंग आला तर आनंद मानू नका. क्लिअर संपलाय.

वॅक्सची मजा अशी, की उत्तम समजलं जाणारं कार्नौबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून खरवडतात. तेच मेण पोरांच्या चकचकीत गोळ्यांवर आणि औषधाच्या गोळ्यांवरही असतं. बॉनेट आणि चॉकलेट-गोळी, दोघांची चमक एकाच झाडाची.

घरातले डॉक्टर

रेशनच्या रॉकेलला निळा रंग दिलेला असे, काळाबाजार ओळखू यावा म्हणून. ते बादलीत चमचाभर टाकून गाडी पुसायची पद्धत घराघरात होती. चमक यायची, कारण अंगावर तेलाचा पातळ पापुद्रा बसायचा. संध्याकाळपर्यंत त्यावर धूळ चिकटायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा रॉकेल. शिवाय ते वॅक्स खातं. डांबराचे ठिपके काढायला खोबरेल तेल बरं. पाच मिनिटं लावून ठेवा, डांबर मऊ पडतं. डॅशबोर्डला मात्र खोबरेल लावू नका, गाडीत देवघराचा वास येतो आणि धूळ मुक्कामाला.

काचेला वर्तमानपत्र हा उपाय मात्र अस्सल. कागदाचे धागे सुटत नाहीत, काचेवर लव राहत नाही. कोल्हापुरात सकाळी ‘पुढारी’ वाचून झाला की दुपारी काचेच्या सेवेला, ही वाटणी कित्येक घरांत ठरलेली.

पिवळ्या पडलेल्या हेडलाइटला टूथपेस्ट चोळा, खरंच उजळतो. पेस्टमध्ये बारीक घासणारी भुकटी असते. पण हा पिवळेपणा उन्हानं पॉलिकार्बोनेट बिघडल्याचा. संरक्षक थर पुन्हा दिला नाही तर काही आठवड्यांत तो परत येतो.

आणि सीटवर तांबडा रस्सा सांडला तर? लगेच साबण लावाल तर डाग लालभडक होईल. घाबरू नका, गाडीत भूत नाही. हळदीतलं करक्युमिन खाराशी गाठ पडली की लाल होतं. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच न्यायानं. तेल टिपून घ्या, साबणानं धुवा, मग दार उघडं टाकून उन्हं आत येऊ द्या. करक्युमिन उन्हात फिकं पडतं. पांढऱ्या शर्टावरची हळद आई उन्हात का टाकायची, तेही कळलं.

९एच म्हणजे काय भाऊ

सध्या सिरॅमिक कोटिंगचा नाद आहे. जाहिरातीत ‘९एच कडकपणा’ लिहितात. हा आकडा हिऱ्यामाणकांच्या मापाचा वाटतो. तो असतो पेन्सिलीचा. चित्रकलेच्या तासाला एचबी, २एच पेन्सिली वापरल्या ना, त्याच मापातली ९एच ही कडक पेन्सिल. तिनं ओरखडा उमटत नाही, एवढाच अर्थ. खिळा, किल्ली आणि शेजारच्या पोराची सायकल यांना हे प्रमाणपत्र मान्य नसतं. पाणी मात्र कोटिंगवरून थेंब होऊन घरंगळतं, धुणं सोपं होतं, हे खरं.

आणि हे कोटिंग कशाचं असतं? मुख्यतः सिलिकाचं. उसाच्या पाल्याच्या राखेत जी असते, तीच. एक रुपयाही न देता वाऱ्यावर आली की गाडी ओरखडते, हजारो रुपये मोजून बाटलीतून आली की गाडी वाचवते.

मायक्रोफायबरचं फडकं घ्या, ते पैसे वसूल करतं. त्याचे चिरलेले बारीक धागे धूळ उचलून आत धरतात, पिवळ्या फडक्यासारखी रंगावर फरपटत नेत नाहीत. फक्त धुताना फॅब्रिक कंडिशनर टाकू नका, धागे बुजतात. आणि एकदा का ते फडकं जमिनीवर पडलं, तर कितीही झटकलं तरी परत बॉनेटला लावू नका. त्याची बदली सायकलकडं.