शेतापासून गव्हाणीपर्यंत

(साखर कारखान्याच्या कामात हजारो माणसांचा हात असतो. प्रत्येकाने आपापले काम नीट केले तरी तेवढ्याने भागत नाही. सगळ्या कामांचा मेळ बसावा लागतो. हा मेळ कसा बसतो आणि त्यासाठी कोणती साधने उपयोगी पडतात, हे या पाठात सांगितले आहे.)



दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या पाथर्डीच्या रस्त्यांवर एक दृश्य दरवर्षी दिसते. ट्रक आणि ट्रॅक्टर सामानाने भरलेले असतात. त्यांत पत्र्याची पेटी असते, धान्याची पोती असतात, भांडीकुंडी असतात. सामानावर बायका, पुरुष आणि लहान मुले बसलेली असतात. ही मंडळी ऊस तोडण्यासाठी गाव सोडून निघालेली असतात. आपला तालुका कमी पावसाचा. येथे वर्षभर पुरेल इतके शेतीकाम मिळत नाही. म्हणून अनेक कुटुंबे चार-पाच महिने दूरच्या साखर कारखान्यांच्या परिसरात राहतात.

ही माणसे तोडतात त्या उसाची साखर होते, एवढे तुम्हांला ठाऊक आहे. पण शेतातला ऊस कारखान्यात ठरल्या वेळी कसा पोहोचतो, याचा विचार तुम्ही कधी केला आहे का?

आधी एक सोपे उदाहरण पाहू. लग्नघरी बावर्चीने बारा वाजता जेवण तयार केले. मांडववाल्याने मांडव घातला. गाडीवाला सांगितलेल्या जागी उभा राहिला. पण वरात तीन वाजता येणार आहे, हे बावर्चीला कोणी कळवलेच नाही. जेवण थंड झाले. येथे कोणी कामात कुचराई केली का? नाही. प्रत्येकाने आपले काम केले, पण एकाची बातमी दुसऱ्यापर्यंत गेली नाही. साखर कारखान्यात अशी चूक झाली, तर नुकसान शेकडो घरांचे होते.

त्याचे कारण उसाच्या स्वभावात आहे. ज्वारी कापून खळ्यावर ठेवली, तर ती टिकते. ऊस तसा टिकत नाही. तोडल्यावर तो वाळू लागतो आणि त्याचे वजन घटते. शिवाय त्यातल्या साखरेचे हळूहळू अशा द्रव्यांत रूपांतर होते, की ज्यांपासून साखरेचे दाणे बनत नाहीत. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळावा लागतो. ऊस उशिरा पोहोचला, तर वजन कमी भरते आणि शेतकऱ्याला पैसे कमी मिळतात. मजुरांना मजुरीही टनावर मिळते. त्यामुळे त्यांचेही नुकसान होते.

आता थोडे गणित करू. समजा, एक कारखाना दिवसाला २,४०० टन ऊस गाळतो. म्हणजे तासाला १०० टन. एका बैलगाडीत २ टन ऊस मावतो असे धरू. सगळा ऊस बैलगाड्यांनीच आणायचा म्हटले, तर तासाला ५० गाड्या हव्यात. दर ७२ सेकंदांना एक गाडी! ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. एक कोयता दिवसाला २ टन ऊस तोडतो असे धरले, तर १,२०० कोयते, म्हणजे २,४०० माणसे रोज शेतात राबली पाहिजेत. ती वेगवेगळ्या गावांत, वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असतात. ऊस तोडायच्या शेताला फड म्हणतात. कारखान्याचे यंत्र मात्र रात्रंदिवस चालू असते.

हे काम टप्प्याटप्प्याने चालते. शेतकऱ्याने ऊस लावला, की कारखान्याचा शेतकी विभाग त्याची नोंद करतो. कोणत्या शेतात, कोणत्या जातीचा ऊस, कोणत्या तारखेला लावला, हे त्यात लिहितात. जुलै-ऑगस्टमध्ये लावलेल्या उसाला आडसाली म्हणतात. तो तयार व्हायला सोळा ते अठरा महिने लागतात. जानेवारी-फेब्रुवारीत लावलेला सुरू ऊस बारा महिन्यांत तयार होतो. या तारखांवरून कोणाचा ऊस आधी तोडायचा, हे ठरते. मग मुकादमाच्या टोळीला फड नेमून देतात. तोडलेल्या उसाबरोबर एक चिठ्ठी जाते. कारखान्याच्या काट्यावर भरलेल्या गाडीचे वजन करतात, मग ऊस गव्हाणीत उतरवून रिकाम्या गाडीचे करतात. दोन्हींतला फरक हे उसाचे वजन.  जनावरांना चारा घालण्याच्या जागेला गव्हाण म्हणतात. कारखान्यात ऊस टाकण्याच्या जागेलाही लोकांनी तेच नाव दिले आहे.

पूर्वी या प्रत्येक टप्प्याची वही वेगळी असे. शेतकी विभागाची एक, काट्याची दुसरी, हिशेबनिसाची तिसरी. प्रत्येक वही स्वच्छ आणि बिनचूक असली, तरी एका वहीला दुसरीची खबर नसे. समजा, रात्री दोन वाजता यंत्रात बिघाड झाला. फडातल्या टोळीला ते कसे कळणार? ती पहाटेच उठून तोडणीला लागते. दिवसभर गाड्या येत राहतात. कारखान्याच्या आवारात त्यांची लांब रांग लागते. बैल ताटकळतात, गाडीवान उपाशी बसतात आणि ऊस वाळत राहतो. याच्या उलटही घडते. अवकाळी पाऊस पडून शेतात चिखल होतो. गाड्या बाहेर निघत नाहीत आणि यंत्र उसाची वाट पाहत थांबते. दोन्ही वेळी नुकसान होते ते बातमी न पोहोचल्यामुळे.

मग वह्या एकमेकींशी जोडायच्या कशा? कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरचे उदाहरण पाहा. तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने तेथे सहकारी साखर कारखाना उभा राहिला. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणेच्या सहकारी संस्था यांनी मिळून तेथे एक मोठा प्रयोग सुरू केला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याचे ठरले. गावात संगणक केंद्र आले. शेतकरी आपल्या लागणीची नोंद गावातच करू लागला. तोडणीची तारीख, उसाचे वजन आणि मिळणारी रक्कम त्याला तेथेच समजू लागली. एरवी एवढ्यासाठी त्याला कारखान्याच्या कचेरीत खेटे घालावे लागत.

पुढे काही वर्षांनी संशोधकांनी या केंद्रांची पाहणी केली. तेव्हा असे दिसले, की महागडे संगणक मुख्यतः उसाची थोडीशी माहिती पाठवण्यासाठी आणि पावत्या छापण्यासाठीच वापरले जात होते. त्यांच्या देखभालीचा खर्च मात्र मोठा होता. म्हणून २००६ च्या सुमारास सात गावांत वेगळा प्रयोग झाला. साध्या मोबाइल फोनवरून लहान संदेश पाठवून शेतकरी तीच माहिती मिळवू लागले. साधन लहान झाले, खर्च कमी झाला आणि काम अडले नाही. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. साधन किती मोठे आहे यापेक्षा योग्य बातमी योग्य माणसाला वेळेवर मिळते की नाही, हे महत्त्वाचे.

वह्या जोडण्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली गोष्ट, प्रत्येक शेतकऱ्याला आणि प्रत्येक शेताला एकच क्रमांक हवा. एका वहीत ‘शेख बाबू’ आणि दुसरीत ‘बाबूभाई शेख’ असे लिहिले, तर संगणकाला ती दोन माणसे वाटतील. दुसरी गोष्ट, एक नोंद एकदाच करावी आणि सर्वांनी तीच वापरावी. काट्यावरचे वजन सरळ हिशेबात गेले, तर पुन्हा उतरवून घेताना होणारी चूक टळते. तिसरी गोष्ट, नोंद खरी हवी. लागणीची तारीख खोटी लिहिली, तर कोवळा ऊस आधी तुटेल आणि पक्व ऊस उभा राहील. सुट्या वहीतली चूक त्या वहीतच राहते. जोडलेल्या वह्यांतली चूक घरोघर जाते.

हिशेब लवकर होण्याला आणखी एक महत्त्व आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस मिळाल्यापासून १४ दिवसांत शेतकऱ्याला पैसे देणे कारखान्यावर बंधनकारक आहे. नोंदी हाताशी असतील, तर आपला हक्क मागणे शेतकऱ्याला सोपे जाते.

पण ज्यांच्यापासून आपण सुरुवात केली, त्या तोडणी मजुरांचे काय? उसाचा किलोकिलोचा हिशेब कारखान्यात असतो. मजुराचा हिशेब मात्र पुष्कळदा मुकादमाच्या वहीत असतो. हंगामापूर्वी घेतलेली उचल किती, फिटली किती, हे त्या वहीवरून ठरते. मजुराला वाचता येत नसेल, तर तो सांगितलेल्या आकड्यावर मान हलवतो. २०२१ साली राज्य शासनाने ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड मजुरांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्याचे ठरवले. हे पाऊल चांगले आहे. ज्याच्या घामाने सगळी साखळी सुरू होते, त्याचेही नाव वहीत ठळक दिसले पाहिजे.

मित्रांनो, महाराष्ट्रातील पहिला सहकारी साखर कारखाना आपल्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभा राहिला. १९५०-५१ साली त्याचा पहिला हंगाम झाला. आपल्या तालुक्यातही आदिनाथनगरला वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. संधी मिळाली, तर शिक्षकांबरोबर हंगामात एखादा कारखाना पाहायला जा. मोठमोठी यंत्रे तर पाहाच, पण काट्याजवळही थोडा वेळ उभे राहा. गाडीवानाच्या हातातली चिठ्ठी पाहा. ती कोठून निघाली आणि पुढे कोणाकोणाकडे जाणार आहे, हे विचारा. आणि घराशेजारी कोणी तोडणीहून परत आले असेल, तर त्यांचा हिशेब त्यांना वाचून दाखवा. तुम्ही शिकलेल्या मराठीचा तो सर्वांत चांगला उपयोग होईल.

शब्दार्थ
कुचराई – टाळाटाळ
खळे – धान्य मळण्याची जागा
गाळणे – उसाचा रस काढणे
खेटे घालणे – एकाच कामासाठी पुन्हा पुन्हा जाणे
लागण – उसाची लावणी
उचल – कामाआधी घेतलेली रक्कम, पेशगी

स्वाध्याय
१. तोडलेला ऊस लवकर का गाळावा लागतो?
२. वारणानगरच्या दोन प्रयोगांत कोणता फरक होता?
३. ‘जोडलेल्या वह्यांतली चूक घरोघर जाते,’ असे लेखक का म्हणतात?
४. कारखाना, हिशेब, मुकादम, कचेरी, दप्तर या शब्दांची उर्दू रूपे सांगा आणि प्रत्येक शब्दाचा मराठी वाक्यात उपयोग करा.